आमच्या वेळी कुणी विचारायचंही नाही

‘सकाळी घरातून निघालो की दिवेलागणीलाच परत. कुठे होतो, कुणी विचारायचंही नाही. आणि आता मुलगा खाली खेळायला गेला तर चार फोन!’ थोड्याफार फरकाने हे मी सतत ऐकते. बोलणारी व्यक्ती बहुधा चाळिशी-पन्नाशीतली असते. त्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. स्वतःचं काहीतरी हरवल्याचं दुःख आणि आपलं मूल लेचंपेचं निघेल ही धास्ती. या दोन्ही वेगळ्या केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, असं मला अनुभवाने वाटतं.

एक गृहस्थ अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार अशी की मुलगा एकटा कुठेच जात नाही. कोपऱ्यावरून काही आणायला सांगितलं तरी ‘बाबा, तुम्ही पण चला’ म्हणतो.

‘मॅडम, याच्या वयात मी झाडाच्या शेंड्यावर चढायचो. पोहायला एकटा जायचो.’

मुलगा खाली मान घालून बुटाच्या टोकाने फरशीवरची रेघ घासत होता. मी त्याला विचारलं, ‘बाबांच्या या गोष्टी ऐकल्या की काय वाटतं?’

‘मी बाबांसारखा नाहीये, असं वाटतं.’

नंतर वडिलांशी एकट्याशी बोलले. ‘त्याला शेवटचं एकट्याला कुठे पाठवलंत?’

‘पाठवत नाही. दिवस कसे आलेत, बघताय ना तुम्ही?’

म्हणजे तोंडात मोकळ्या बालपणाच्या गोष्टी आणि वागण्यात पहारा. मूल गोष्ट ऐकतं, पण विश्वास चेहऱ्यावर ठेवतं. त्यामुळे माझं काम मुलापेक्षा वडिलांबरोबर जास्त होतं, हे तिथेच स्पष्ट झालं.

मी त्यांना लहानपणचा कुठलाही एकच दिवस बारीकसारीक तपशिलांसह सांगायला सांगितलं. त्यांनी पडक्या भिंतीवरून उड्या मारल्याचा दिवस निवडला. गंमत म्हणजे उडी एका वाक्यात संपली. बाकी सगळं सांगणं दुसऱ्याच गोष्टींचं होतं. पहिली उडी कुणाची यावरून भांडण, धाकट्यांनी खालच्या दगडावरूनच मारायची हा नियम, एकाचं कोपर खरचटल्यावर घरी काय सांगायचं याची खलबतं.

‘हे नियम केले कुणी?’

‘आम्हीच.’

‘आणि भांडण?’

‘आम्हीच मिटवलं.’ ते थांबले. मग सावकाश म्हणाले, ‘मजा उडीची नव्हती हो. सगळं आमच्यावर सोडलं होतं, त्याची होती.’

मी विचारलं, ‘त्या टोळीतले सगळेच तो काळ इतक्या आनंदाने आठवत असतील?’

उत्तर यायला बराच वेळ लागला. ‘एकजण पडला होता तिथेच, पुढच्या वर्षी. हात कायमचा वाकडा राहिला त्याचा. मी मुलाला गोष्ट सांगतो ना, त्यात तो कधी नसतोच.’

माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं वाक्य. ‘आम्हाला कुठे काय झालं?’ असं ज्यांना काही झालं नाही तेच म्हणतात. ज्यांना झालं ते त्या गप्पांत नसतात. आठवण त्यांना अलगद वगळते. १९९० साली जगात जन्मलेल्या दर १००० बालकांपैकी ९० हून अधिक मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत. आज हा आकडा ४० च्या खाली आहे. तो काळ जसाच्या तसा परत मागणाऱ्यांनी हे विसरू नये. पण हे मुख्यतः लसी, औषधोपचार, पोषण आणि स्वच्छ पाण्याने साधलं. मैदानाच्या कडेला उभं राहून मुलावर नजर ठेवल्याने नव्हे. हेल्मेट, सीटबेल्ट हवेच. त्यांच्या नावाखाली मुलाचे सगळे निर्णय आपण घेणं मात्र वेगळं.

मुलांवरचा हा पहारा फक्त आपल्याकडेच वाढलेला नाही. इंग्लंडमधल्या मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये ९ टक्के. रहदारीची भीती हे त्याचं एक मोठं कारण होतं. भीती खोटी नव्हती, पण किंमत मुलांनी मोजली.

घटनेपेक्षा तिच्याबद्दलचे आपले हट्टी समज आपल्याला जास्त त्रास देतात, हा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडला. त्यावर माझी मनापासून श्रद्धा आहे. ‘मुलाला काही होऊ नये’ ही इच्छा कुठल्याही आईबापाची असते. ‘आणि झालंच तर मला ते सोसवणारच नाही’ हे तिला जोडलेलं शेपूट आपल्याला जखडतं. या गृहस्थांनी एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘तो बाहेर असताना मी अस्वस्थ असेन, आणि ती अस्वस्थता मी सोसू शकतो.’

मग मुलानेच ठिकाण निवडलं. मित्राबरोबर सायकलवरून मैदानावर. वडिलांनी फोन करायचा नाही, एवढीच अट. पहिल्याच वेळी तो उशिरा आला, बोटं काळी झालेली. साखळी उतरली होती, दोघांनी खटपट करून बसवली. ‘फोन का नाही केलास?’ हे वडिलांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पाणी पिऊन झाल्यावर मुलगा आपणहून सगळं सांगत बसला.

तुमच्याही घरी हाच विषय असेल, तर आधी जोखीम आणि धोका वेगळे करा. फांदी किती उंच आहे हे मुलाला दिसतं, तिचा अंदाज ते घेऊ शकतं, ती जोखीम. फांदी आतून कुजली आहे हे त्याला दिसत नाही; तो धोका, आणि तो दूर करणं आपलं काम. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या साहसी खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार अवजारं, पाणी-आगीसारख्या गोष्टींची जवळीक, मस्ती-झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. मी पालकांना सुरुवात शेवटच्या प्रकारापासून करायला सांगते. त्यात हाड मोडण्याची भीती सगळ्यात कमी, आणि आपल्याला हुरहूर लावणारी गोष्ट नेमकी तीच.

जुन्या गोष्टी जरूर सांगा, पण तुलना काढून टाका आणि तुम्ही घाबरला होतात तो भागही सांगा. नवरा-बायकोचं यावर एकमत नसेल, तर जास्त घाबरणाऱ्याने पहिली पायरी ठरवावी, कितीही छोटी असली तरी. दुसऱ्याने तिला हसू नये. ती पायरी दोघांनाही कंटाळवाणी वाटू लागली की पुढची घ्यावी.