गावात पाणीप्रश्नावर पथनाट्य करायचं आहे, शहरातून कलापथक बोलवावं का?

माझं मत विचाराल तर बोलवू नका. लोक बघतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. पैसा गेला तो गेलाच.

मी बीड जिल्ह्यात बचत गटांसोबत काम करतो. आम्ही सुरुवात रांगोळीने करतो. शाळेच्या पटांगणात सडा टाकायचा आणि बायकांनी अख्ख्या गावाचा नकाशा काढायचा. (देवळासमोर नको, तिथं सगळ्या वस्त्यांमधल्या बायका मोकळेपणाने येत नाहीत.) एका गावात एका पोरीनं हापशाभोवती निळा गोल काढला. शेजारच्या आजीनं तो तळहातानं पुसला. "ह्यो कवाच कोरडा पडलाय, त्याला निळं कशाला?" झालं! टँकर कुणाच्या दारात उभा राहतो, कोणत्या वस्तीवर फिरकतच नाही, सगळं बाहेर आलं. कुणीतरी वहीत उतरवून घेतलं की निम्मं नाटक तयार.

पुढे भारूड. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात जोशी, वासुदेव, गोंधळी अशी सोंगं उभी करून लोकांना त्यांच्याच बोलीत सुनावलं. तुम्हीही टँकरचं भविष्य सांगणारा जोशी उभा करा. नाव कुणाचं घ्यायचं नाही, ज्याला कळायचं त्याला कळतं. पेटी-ढोलकीला भजनी मंडळ आहेच, आणि भीमगीतं गाणारी पोरं तर जरूर घ्या, त्यांचा हात तयार असतो.

ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांची एक युक्तीही वापरून बघा. प्रसंग ऐन भांडणात थांबवायचा आणि बघणाऱ्यांपैकी कुणीतरी उठून पात्राची जागा घ्यायची. एरवी ग्रामसभेत तोंड न उघडणारी बाई सरपंचाच्या खुर्चीत बसली की काय बोलते, ते ऐकण्यासारखं असतं.

वेळ मात्र जपा. दसरा-दिवाळीला ऊसतोडीची माणसं कारखान्यावर जातात, पाडव्याच्या आगंमागं परततात. म्हणून चैत्रात बसवा. टंचाईही तेव्हाच टोकाला असते आणि १ मेची ग्रामसभा समोर असते. तिच्याआधी महिला सभा घ्यावी लागते, प्रयोग तिथंच करा आणि त्यातून निघालेल्या मागण्या ठराव म्हणून लिहून घ्यायला लावा. ठरावाची नक्कलही मागून ठेवा.

आणि हो, बॅनर छापू नका. फोटो कुणाचा मोठा यावरून चांगली चाललेली तालीम मोडते.