मराठीचा प्रोजेक्ट आईनेच लिहायचा का?

"मॅडम, प्रोजेक्टच्या नावाखाली हा मोबाइल घेऊन बसतो आणि शेवटी लिहून मीच देते. मग याला मराठी येणार कधी?" आमच्याकडे अंधेरीहून आलेल्या आईची काळजी. मुलगा सातवीत. प्रोजेक्ट असा: वेसावे कोळीवाड्यातल्या मासळीवालीची मुलाखत रेकॉर्ड करून त्यावर लेख लिहायचा, मुदत ३ आठवडे. घरात मोबाइल एकच, तोही बाबांबरोबर रात्री ९ वाजता येणारा.

रेकॉर्डिंग ११ मिनिटांचं होतं, पण लेखात त्यातलं एक वाक्य नव्हतं. सगळं नेटवरून उतरवलेलं. हा आळस नव्हे. एक मिनिटाचं बोलणं ऐकून लिहायला या वयात २०-२५ मिनिटं सहज जातात. ११ मिनिटांना किती, आणि तेही झोपेच्या वेळी!

शिक्षिकेशी बोलून काम नव्याने आखलं. आवडलेली २ मिनिटंच निवडायची, रोज अर्धं मिनिट वहीत उतरवायचं, म्हणजे चार रात्रींत काम संपतं. मोबाइल फक्त ऐकायला. कच्चा लेख वर्गातच, पेनाने, एका तासिकेत. बाईंनी त्यात ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं एवढंच तपासायचं. पान लालेलाल झालं की मूल काहीच सुधारत नाही. पक्का लेख घरी, आणि शेवटी त्याच्याच लेखावर ३ तोंडी प्रश्न. नेटवरून उतरवलेलं असेल तर तिथे लगेच कळतं.

मुलाखतीतले प्रश्नही तपासले. "मासे विकायला आवडतं का?" याला उत्तर आलं, "हो." "बोंबील दोरीवर टिकतात कसे?" यावर मात्र त्या मावशी दोन मिनिटं बोलल्या: दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. निवडायची ती हीच दोन मिनिटं.

वहीत उतरवताना मावशींचं "मना" मुलाने खोडून "मला" केलं होतं, आईच्याच सांगण्यावरून. ते परत "मना" करायला लावलं. अवतरणचिन्हात मावशींची बोली जशीच्या तशी, बाहेर त्याची स्वतःची प्रमाण मराठी. व्याकरणाच्या दहा तक्त्यांपेक्षा हे एक खोडलेलं अक्षर जास्त शिकवतं, असं आमचं ठाम मत आहे.

"पण मार्क?" परीक्षेत बातमी, पत्र असं उपयोजित लेखन येतंच, हा सराव त्याचाच.

"ताई, पेन तुम्ही धरू नका. त्याला वाचून दाखवू द्या, आणि अडलं तिथे एवढंच विचारा, 'म्हणजे काय रे?'"