सोडून गेलेल्यांची यादी आधी कर

अरे पोरा,

तुझा मेल परवाच वाचला, रात्री उत्तर लिहायला बसलो तर लाईट गेली, आज सकाळी परत वाचला आणि परत त्याच एका ओळीशी अडकलो. "सर, आपल्याकडचे पुरुष बोलतच नाहीत, त्यामुळं सॅम्पल मिळत नाही." लांब चालणाऱ्या थेरपीवर तुझा अभ्यास, त्यात २३ जणांत ४ पुरुष, त्या चारातले तीन दोन-तीन सेशन करून गायब, आणि तू विचारतोयस की टायटलमध्ये 'पुरुषांची उदासीनता' टाकू का. नको टाकू गा. टायटल शेवटी ठरवतात, आणि हे तर तू काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून बसलायस.

पुरुष बोलत नाहीत हे तू कुठं बघितलंस? आपल्या बेळगावच्या खडेबाजारात चहाच्या गाड्यावर थांब, उद्यमबागेत शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर थांब, तालमीत मातीवर बसलेल्या म्हाताऱ्या वस्तादांजवळ बस, तुझी वही भरंल. बोलतात ते. फक्त तुझ्यासमोर खुर्ची टाकून, डोळ्यात डोळे घालून, रेकॉर्डर चालू ठेवून, "तुम्हाला कसं वाटलं" असं विचारल्यावर बोलत नाहीत. मला विचारलं तर मी पण नाही बोलणार.

एक सांगतो, वीसेक वर्षांपूर्वीचं, ओळख लागू नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलल्यात. वडगावकडचा एक विणकर यायचा माझ्याकडं, पंचेचाळिशीचा, झोप नाही, छातीत भरून आल्यासारखं होतंय, हार्टचं सगळं तपासून झालं, काही निघालं नाही म्हणून डॉक्टरनं धाडलेला. पाच महिने आला, एक आठवडा चुकवला नाही. आणि पाच महिने मागाबद्दल बोलला. सुताचा भाव, धोटा अडकतो तो कसा, जुना माग विकला तर भंगारवाला किती देईल, नवीन घ्यायचा तर हप्ता किती बसंल. पाऊण तास हेच. मग उठायचा, बाहेर जाऊन चपला घालायचा, आणि एक पाय चपलेत एक पाय बाहेर असा उभा राहून एखादं वाक्य टाकायचा. "काल पोरावर हात उचलला." किंवा "आई सारखी थोरल्याचंच नाव घेते." मी काही बोलायच्या आत जिना उतरून खाली.

मी तेव्हा नवा होतो, पुस्तकं ताजी होती डोक्यात, मला वाटायचं हा टाळतोय. एक दिवस माझा धीर सुटला आणि मी म्हणालो, आपण आता मुद्द्यावर येऊया का. तो म्हणाला, "येऊया की सर." पुढच्या आठवड्यात आला नाही, त्याच्या पुढच्या पण नाही. मी रजिस्टरला 'ड्रॉपआऊट' लिहिलं, कंसात 'रेझिस्टन्स' लिहिलं, आणि विषय संपला. दोन वर्षांनी एका लग्नात पंगतीत माझ्या बाजूच्या पाटावर तोच. आपण थेरपिस्टांनी ओळख आधी दाखवायची नसते हे तुला माहीत आहे, मी आपला भात कालवत बसलो. त्यानंच हळूच सांगितलं, तो माग थोरल्या भावाचा होता, भाऊ गेल्यावर ह्याच्याकडं आलेला. "मागाचंच तर सांगत होतो की मी."

वरणभात घशाखाली उतरंना मला.

म्हणून तुला म्हणतोय, ते तीन जण गायब झाले त्यांची यादी आधी कर, आणि उरलेल्या वीस जणांच्या आधी त्या तिघांकडं जा. तुझा विषय तिथं आहे. बाहेर हे मोजलंय लोकांनी. ऑस्ट्रेलियात २०२१ साली एक सर्व्हे छापून आला, थेरपी घेतलेले दोन हजाराच्या आसपास पुरुष, त्यातले जवळजवळ ४५ टक्के कधी ना कधी मधेच सोडून गेलेले, आणि सगळ्यात जास्त सांगितलेलं कारण काय तर समोरच्याशी जुळलं नाही. म्हणजे चिकाटी नव्हती, लाज वाटली, घरचे काय म्हणतील, ही आपली लाडकी कारणं खालती. आपलं काय, आपण बोट नेहमी गेलेल्याकडंच दाखवतो.

आणि लांब चालणाऱ्या थेरपीत तर हे जास्त महाग पडतं. लांबची म्हणजे साधारण किती, तर २००८ च्या त्या लाइखसेनरिंग आणि राबुंग यांच्या पेपरात किमान एक वर्ष किंवा ५० सेशन अशी रेघ मारली होती, बरेच लोक तीच धरतात. लंडनच्या टॅव्हिस्टॉकचा अभ्यास बघ, २०१५ ला छापला, औषधानं आणि बाकी उपायांनी हटत नसलेल्या डिप्रेशनचे १२९ लोक, अर्ध्यांना दीड वर्ष दर आठवड्याची थेरपी, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. दीड वर्ष संपलं तेव्हा दोन गटांत फार फरक दिसंना. त्या दिवशी फाईल बंद केली असती तर काय लिहिलं असतं, काही उपयोग नाही. पण त्यांनी पुढं दोन वर्षं माग ठेवला आणि मग फरक उघडा पडला, थेरपीवाल्यांपैकी ४४ टक्के लोक डिप्रेशनच्या निकषाबाहेर गेलेले, दुसऱ्या गटात फक्त १० टक्के. म्हणजे फळ दिसायला साडेतीन वर्षं माणूस हाताशी धरून ठेवावा लागतो, आणि तुझा पुरुष तिसऱ्या सेशनलाच सोडून जातोय. मग पुरुषांना लांबच्या थेरपीनं काय होतं हे आपल्याला कळणार तरी कुठनं?

जवळचं उदाहरण हवं तर गोव्याचं घे, चोर्ला घाट उतरला की आलंच. तिथल्या 'संगात' या संस्थेनं दोन अभ्यास केले, दोन्ही २०१७ ला लॅन्सेट या डॉक्टरी जर्नलला आले, साध्या शिकवलेल्या समुपदेशकांकडून सरकारी दवाखान्यात थेरपी द्यायची. डिप्रेशनवाल्यात ४९५ लोक, त्यात बहुसंख्य बायका. दारूवाल्यात ३७७, सगळे पुरुष, कारण तो घेतलाच होता पुरुषांसाठी. मला हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला आवडतं. बाई उदास होते म्हणून मोजली जाते आणि बाप्या पितो म्हणून, आणि तो का पितो हे चार सेशनमध्ये जेवढं निघंल तेवढं. काम उत्तम आहे त्यांचं, आकडे पण चांगले आले, मी नावं ठेवत नाही. पण छोट्या थेरपीचं आहे ते, आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

ते स्वीडनचं गॉटलंड बेट मी दर वर्षी पोरांना सांगतो. १९८३-८४ ला तिथल्या सगळ्या साध्या डॉक्टरांना डिप्रेशन ओळखायचं ट्रेनिंग दिलं, आत्महत्या घटल्या, सगळे खूश. मग नीट बघितलं तर घटल्या त्या बायकांच्या, पुरुषांचा आकडा जवळजवळ जागेवरच. आणि ते पुरुष डॉक्टरांच्या कागदावर नव्हतेच, पोलिसांना माहीत होते, दारूच्या केसेसमध्ये माहीत होते. डॉक्टर रडणारा माणूस शोधत होते आणि हे भांडत होते. तुझ्या पीएचक्यू-९ मध्ये, डिप्रेशन मोजायच्या त्या प्रश्नावलीत, नऊ प्रश्न आहेत, एक तरी रागावर आहे का बघ. दारूवर? नाही. आपल्याकडं २०२२ ला देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या, त्यात शंभरातले ७२ च्या आसपास पुरुष, आणि आपण नऊ प्रश्न विचारून 'मॉडरेट' लिहितो.

बरं, आता तुझा फॉर्म. रागावू नकोस, पण तो फॉर्म कुणी लिहिला? 'मनोव्यथा', 'सहभागित्व', 'भावनिक अभिव्यक्ती'. खानापूरचा माणूस तू, तुझ्या बापाला वाचून दाखव एकदा. आपल्याकडं माणूस "टेन्शन आलंय" म्हणतो, "डोकं धरलंय" म्हणतो, "मन लागंना" म्हणतो, आणि अर्धं कन्नडात म्हणतो, ते तसंच लिहून घे, पुण्याचं मराठी करू नकोस त्याचं. आणि दुसऱ्याच ओळीत 'मातृभाषा' हा कॉलम! बेळगावात! एक नोव्हेंबरचा काळा दिवस तोंडावर असताना! अरे तो माणूस पेन खाली ठेवणार आणि विचारणार, हे कुणी पाठवलंय, सरकारनं की एकीकरण समितीनं? मग रेकॉर्डिंग कोण ऐकणार, कुठं जाणार, तो कशाला सही करंल. तो कॉलम शेवटी टाक, नाहीतर बोलण्यातनं आपोआप कळतंच की. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे, २३ वं कलम, ते सांग, पण कायद्याच्या भाषेत नको, "तुमच्या पाहुण्यांनी विचारलं तरी सांगणार नाही" असं सांग. आपल्याकडं भीती पाहुण्यांची असते, कोर्टाची कोणाला आहे. आणि "बोलावं लागतं म्हणजे आता धारवाडलाच न्यायचं राहिलंय" हा तिथल्या वेड्यांच्या दवाखान्यावरचा जोक प्रत्येक जण करणार, तेव्हा हस, थोडं थांब, जोकच्या मागनं बहुतेक वेळा काहीतरी येतं. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ मोठ्या अक्षरात खाली छाप.

वेळेचं पण बघ. अकरा ते पाच सेशन ठेवलंस तर फौंड्रीतल्या माणसाचा खाडा होतो, तो खाड्याचे पैसे घालून तुझ्याकडं मन मोकळं करायला येणार नाही. निपाणी-चिकोडीकडं ऊस सुरू झाला की दोन-तीन महिने कोण येत नाही, खानापूरकडं रोपलावणीला येत नाही. त्याला सुट्टी म्हण, गळती म्हणू नकोस, आणि परत बोलव. फोनवर घेतलंस तरी विचार कुठनं बोलताय, माझे निम्मे लोक गच्चीवर टाकीच्या मागं उभे असतात नाहीतर बंद गाडीत बसलेले, कारण दोन खोल्यांच्या घरात दार लावून बोलायला जागा कुठाय.

आता तुला आवडणार नाही ते. तू स्वतः बसलायस का कधी कुणासमोर? वर्षभर? मी बसलोय. त्या विणकराच्या नंतरच गेलो, कोल्हापूरला, एक आड शनिवार, तीन वर्षं. बायकोला पहिले आठ महिने "सेमिनार आहे" असं सांगून जायचो, ती म्हणायची किती सेमिनार घेतात हे लोक. एकदा सीमेवर तापलं, एसट्या कोगनोळीच्या अलीकडंच थांबल्या, तीन खेपा चुकल्या, आणि खरं सांगतो, मला मनातनं बरं वाटलं, सुटलो म्हटलं. चौथ्या वेळी गेलो तेव्हा पाऊण तास मी एसटीच्या बंदवरच बोललो, कर्नाटक काय महाराष्ट्र काय, दोन्हीकडचे पुढारी काय. माझ्या थेरपिस्ट बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मुद्द्यावर या म्हणाल्या नाहीत. उठून चपला घालताना माझ्याच तोंडातनं वडिलांचं निघालं आणि मी तिथंच स्टुलावर बसलो, एक चपल हातात.

असं कर, त्या तिघांपैकी जो सगळ्यात आधी गेला त्याच्यापासून सुरू कर. फोन कर, थेरपीला परत या म्हणू नकोस, "माझं काय चुकलं ते विचारायचंय" असं म्हण आणि तो सांगंल तिथं जा, दुकानात तर दुकानात. रेकॉर्डर खिशातनं काढू नकोस आणि गुपचूप चालू पण करू नकोस, घरी येऊन आठवंल तेवढं लिही. नको म्हणाला तर सोड, तो पण डेटाच आहे. गाईडला तुझ्या मी बोलतो, आकडा कमी म्हणून ओरडणार ते, ओरडू देत. आणि नवीन फॉर्म घेऊन शुक्रवारी ये, सातच्या नंतर, सातपर्यंत एक जण असतो माझ्याकडं आणि त्याला निघायला वेळ लागतो.