नदीतला मासा घेतला तर पाप लागतं का?

प्रश्न: तीन फुटी टँकसाठी कार्डिनल टेट्रा घ्यायचेत. दुकानदार म्हणतो ब्राझीलच्या नदीतून पकडलेले आहेत, बायको म्हणते मग नकोच. काय करू?

उत्तर: वहिनींचं मन चांगलंय पण इथे गणित उलटं आहे हो. हे मासे रिओ नेग्रोतले, तिथल्या बार्सेलोस गावात कित्येक घरं याच धंद्यावर चालतात, होडीतून जाऊन हातजाळ्याने पकडतात, आणि पूर ओसरला की डबक्यांत अडकून हे तसेही ढिगाने मरतात. मासा विकला जातोय तोवर लोकांना जंगल राखणं परवडतं.

म्हणून सगळेच जंगली मासे बिनधास्त उचलायचे असं नाही! बंगाई कार्डिनल बघा, नाव सारखं पण हा समुद्रातला. इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांभोवतीच सापडतो, नर अंडी तोंडात धरून बसतो, पिल्लं लांब जातच नाहीत, मग एका जागचे उपसले की तिथले संपलेच. तो घ्यायचा तर टँकमध्ये ब्रीड केलेलाच.

तुमचे टेट्रा घ्या, फक्त आल्याआल्या मेन टँकमध्ये सोडू नका, दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा, प्रवासाने पोटं पार आत गेलेली असतात बिचाऱ्यांची.