पहिल्यांदा बर्फावर गळ टाकताना

मिनेसोटात हा तुझा पहिलाच हिवाळा आणि गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायचेत, म्हणून आधी बर्फाचं बोलू, माशांचं नंतर. चालण्यासाठी किमान 4 इंच स्वच्छ, निळसर-काचेसारखा बर्फ हवा. पांढरा, दुधाळ बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा, म्हणून तिथे जाडी दुप्पट धर. लोखंडी पहार घेऊन जा आणि चार पावलांवर एक ठोका मारत पुढे सरक. पाणी वर आलं की आल्या वाटेनेच मागे फिर. काल तिथे कुणी बसलं होतं, यावर विसंबू नकोस. झरे, ओढ्याची तोंडं टाळ. पाण्यात पडलास तर बर्फात रुतवून वर यायला टोकदार खिळे गळ्यात अडकव आणि एकटा जाऊ नकोस.

सामान थोडकंच: लायसन्स, 6 इंची हाताचा ड्रिल, हातभर लांबीची काठी, बारीक दोरा, छोटा जिग, म्हणजे वजन जोडलेला गळ. भोकातला बर्फाचा चुरा काढायला मी घरचा भजी तळायचा झारा नेतो. सगळे हसतात, मग मागून नेतात.

पहिल्या दिवशी वॉलाय या मोठ्या माशाच्या मागे लागू नकोस, ब्लूगिल हा छोटा मासा धर. जिगला अळी लाव, तळाला टेकव, फूटभर वर घे, किंचित थरथरव आणि थांब. ब्लूगिल झटका देत नाही, काठीचं टोक नुसतं जरा लवतं. अर्धा तास काहीच नाही? दुसरं भोक पाड.

तंबूत हीटर लावलास तर हवेची फट उघडीच ठेव, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि मोजे लोकरीचेच घाल, सुती नको.