अंगावर जखम नाही, मग कोण विश्वास ठेवेल?

"मॅडम, मी त्याच रात्री आंघोळ केली, कपडेही धुऊन टाकले. अंगावर साधा ओरखडाही नाही. आता कोण विश्वास ठेवेल?" नागपुरात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांचे समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) या वेळी तो विचारणारी नोकरदार तरुणी थोरल्या बहिणीसोबत आली होती. घटनेचा तिसरा दिवस होता. धुतलेला कुर्ता तिने प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता आणि बोलता बोलता ती त्या पिशवीची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती. आदल्या दिवशी एका दवाखान्याने 'आधी पोलिसांचे पत्र आणा' म्हणून तिला परत पाठवले होते.

हे सरळसरळ चूक होते. अशा वेळी मोफत उपचार देणे सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. तक्रार नको असेल तर तशी नोंद होते, उपचार थांबत नाहीत. म्हणून तक्रारीचा विषय मी बाजूला ठेवला आणि आधी घड्याळ पाहिले. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि त्यातला एक अख्खा दिवस त्या पत्रापायी गेला होता.

रुग्णालयाच्या वाटेवर जखमेचा प्रश्न पुन्हा निघाला. त्याचे उत्तर विदर्भाने फार महाग किमतीला मिळवले आहे. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले होते. परंतु मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, यालाही महत्त्व देत सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यांना निर्दोष सोडले, आणि त्यावर देशभर उठलेल्या संतापामुळे 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येत नाही, हे आज कायद्यातच लिहिलेले आहे. स्त्रीला आधी शरीरसंबंधांची सवय होती का, हे योनीत बोटे घालून पाहणारी 'दोन बोटांची चाचणी' तर सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवली.

"आणि हा कुर्ता?" बहिणीने विचारले. धुतलेला असला तरी टाकू नका, मात्र कोरडा करून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते, असे मी सांगितले. तक्रार करणार का, हे मी त्या दिवशी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "कुर्ता कागदात गुंडाळला आहे. ठाण्यात तुम्ही सोबत याल?"